जमिनीचें योग्य मोल

ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं गतकालाचें स्मरण करितांना आम्हांस माणसें आठवतात, घरें आठवतात. पण तीं ज्या भूमीवर उभीं होतीं तिच्या मोलाचा विचार सहसा मनांत येत नाहीं. तथापि मुंबईंतील कित्येक जुन्या वस्त्यांचें भवितव्य एकाच प्रश्नावर अवलंबून राहिलें: शहरास खाजगी जमीन हवी असेल, तर तिची रास्त किंमत कोणती?

सन १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यानें प्रथम सलोख्याचा मार्ग सांगितला. कमिशनरनें मालकाशीं बोलणें करावें, स्थायी समितीनें मंजूर केलेल्या दराच्या आंत सौदा ठरवावा, व तो न जुळल्यास मगच सरकारकडे सक्तीच्या संपादनाची मागणी करावी. म्हणजे बोलणें गोडीचें, परंतु त्याच्या पाठीशीं कायद्याचा हात. आणि मालकही हें जाणून असे.

सन १८९६ मध्यें मांडवीच्या दाट वस्तींत प्लेग प्रकटला. आमच्याच समाजांतील गोमंतकीय डॉक्टर अकासियु व्हिएगस यांनीं तो प्रथम ओळखला. कोंदट घरें पाडून रुंद रस्ते काढल्यावांचून तरणोपाय नाहीं, असें सर्वांस वाटूं लागलें, व १८९८ च्या कायद्यानें इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें काढलेला प्रिन्सेस स्ट्रीट, ज्यास आज शामलदास गांधी मार्ग म्हणतात, तो ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती जें कावेल, त्यांतूनच गेला.

आतां किंमत ठरे कशी? मोकळ्या जागेस शेजारच्या खरेदीखतांचा दाखला घेत. घरास मात्र भाड्याचा हिशेब लावीत: खर्च वजा जातां उरलेलें वार्षिक उत्पन्न ठराविक वर्षांनीं गुणावयाचें. समजा, निव्वळ उत्पन्न ६०० रुपये व वर्षें २० धरलीं, तर मोल १२,००० रुपये. पण त्याच खोल्यांत दुप्पट माणसें कोंबून मालकानें उत्पन्न ९०० वर नेलें, तर मोल १८,००० होई. आणि वरचे ६,००० रुपये करदात्यांनीं भरावयाचे, तेही ज्या गर्दीनें रोग वाढविला तिचें बक्षीस म्हणून! म्हणूनच कायद्यानें सांगितलें कीं, आरोग्यास घातक अशा गर्दीनें वाढलेलें भाडें हिशेबांत धरूं नये. तसेंच, नवा रस्ता झाल्यावर जागेस जें मोल चढेल, तेंही मालकानें आज मागूं नये, असा १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा दंडक होता.

उलटपक्षीं, मालकावरही अन्याय होऊं नये म्हणून त्याच १८९४ च्या कायद्यानें बाजारभावावर शेंकडा १५ अधिक द्यावयास सांगितलें; कारण विक्री त्याच्या खुषीची नव्हे. निवाडा मान्य नसल्यास एक अध्यक्ष व दोन असेसर यांच्या न्यायमंडळापुढें दाद मागतां येई. वाडवडिलांच्या अंगणावर ज्याचा जीव जडला, त्याच्या दुःखाचें माप १५ टक्क्यांत कसें बसणार? तरी त्या दुःखाची दखल घेतली गेली, हेंही थोडें नव्हे.

परंतु या साऱ्या हिशेबांत एक माणूस राहून गेला, तो म्हणजे बिऱ्हाडकरू. घर मालकाचें म्हणून मोबदला मालकास. दरमहा भाडें भरणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं पडत नसे. ट्रस्टनें चाळी बांधल्या खऱ्या. पण त्या सर्वांनाच परवडल्या किंवा सोईच्या पडल्या असें नाहीं, आणि पुष्कळ कुटुंबें शेजारच्या दाट वस्तींतच शिरलीं. एका गल्लींतून काढलेली गर्दी दुसऱ्या गल्लींत गेली. सन १९३३ मध्यें ट्रस्टचा कारभार म्युनिसिपालिटींत विलीन झाला, तरी हें न्यून तसेंच राहिलें.

पुढें १९८४ मध्यें १५ चे ३० टक्के झाले, व २०१३ च्या नव्या कायद्यानें मोबदल्याइतकीच आणखी रक्कम देऊं केली. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, शहरांतील त्या जागेवर तीन वर्षें राहिलेलें कुटुंब, मग त्याच्या नांवें खत नसो, बाधितांत गणलें जाऊं लागलें. कावेल मोडल्यावर शंभराहून अधिक वर्षांनीं!

आमचें म्हणणें इतकेंच: शहरानें जमीन घ्यावी, रस्ते, रुग्णालयें, शाळा यांवांचून शहराचा निर्वाह नाहीं. मालकानेंही गरजेचा फायदा घेऊं नये. पण विकणारा व घेणारा या दोघांचें समाधान झालें म्हणजे किंमत रास्त ठरली, असें आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्या हातीं कागद नव्हता, परंतु ज्याची चूल तेथें पेटत होती, त्यास दुसरीकडे चूल मांडतां आली, तरच तो सौदा न्यायाचा झाला, असें आम्ही समजतों.