बर्फगाडी आणि बर्फाचा दुष्काळ

मुंबईची आमची भाचेमंडळी फोनवर मधूनच सांगतात, "मामा, आज बंबार्डियर मिळाली, गर्दीत उभं राहून पण वारा लागत होता." मार्च २०१५ मध्ये पश्चिम रेल्वेवर या लोकल सुरू झाल्या. डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, विजेची यंत्रणा बंबार्डियर कंपनीची, आणि लोकांनी गाडीला नाव दिले ते कंपनीचे. (नावे ठेवण्यात मुंबईकरांचा हात कोण धरणार!) पण बंबार्डियर हे मुळात कॅनडातल्या एका खेड्यातल्या मेकॅनिकचे आडनाव. फ्रेंच उच्चार 'बोंबार्दिए'च्या जवळ जातो. या गृहस्थाने जन्मात रेल्वेचा डबा बनवला नाही. त्याने बनवली ती बर्फावरून चालणारी गाडी, म्हणजे स्नोमोबिल. आज तिची गोष्ट सांगायची आहे.

आता, जन्म गेला सांगली जिल्ह्यात, शाळेत शिकवला इतिहास, मग हा बर्फाचा विषय कुठून आला असे आमची धाकटी बहीण विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर २०२३ ते एप्रिल २०२४ आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात होतो. बर्फ बघायला मिळेल म्हणून हिने चार स्वेटर विणून नेले होते. त्या हिवाळ्यात बर्फ पडलाच नाही म्हटले तरी चालेल. डिसेंबर ते फेब्रुवारीचा हिशेब धरला तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो सर्वांत उबदार हिवाळा ठरला. लेकीच्या शेजारी कागद गिरणीतून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे एक आजोबा राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये दोन स्नोमोबिल ताडपत्रीखाली झाकलेल्या, आणि ते स्वतः गावच्या स्नोमोबिल क्लबचे खजिनदार. माझे इंग्रजी पुस्तकी, त्यांचे उच्चार अगम्य. नात दुभाषाचे काम करायची. त्यांच्याकडून ऐकलेले आणि गावच्या ग्रंथालयात बसून वाचलेले, असे दोन्ही मिळून हा लेख.

जोसेफ-आर्मांड बंबार्डियरचा जन्म १९०७ चा, क्युबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावचा. पंधराव्या वर्षी, १९२२ मध्ये, त्याने आणि त्याच्या भावाने फोर्ड मोटारीचे जुने इंजिन एका घसरगाडीवर बसवले, मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला आणि गाव दणाणून सोडले. वडिलांनी तो उघडा गरगरणारा पंखा पाहिला आणि तिथल्या तिथे सगळे सुटे करायला लावले. मी वडील असतो तर हेच केले असते!

त्या काळी क्युबेकच्या खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात कुणी साफ करत नसे. पहिला मोठा बर्फ पडला की मोटारी शेडमध्ये जायच्या आणि थेट वसंतात बाहेर यायच्या. मधले महिने घोड्याची घसरगाडी. १९३४ च्या हिवाळ्यात आर्मांडचा दोन वर्षांचा मुलगा, ईव्हों, पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. अपेंडिक्स होते, ते चिघळले. दवाखाना शेरब्रुक या शहरात, आणि रस्ते बर्फाने बंद. मूल गेले.

पुढच्याच वर्षी त्याला हवी ती युक्ती साधली. रबराचा रुंद पट्टा आणि त्याला फिरवणारे दातेरी चाक. पुढे स्की, मागे पट्टे. गाडीचे वजन पट्ट्यावर पसरते, त्यामुळे ती भुसभुशीत बर्फात रुतत नाही. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. सात माणसे बसणारी म्हणून गाडीचे नाव 'बी-७'. मुलाच्या दुःखातून गाडी जन्मली असे बरेच ठिकाणी छापलेले आढळते. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला इथे थोडे थांबावेसे वाटते. तो माणूस त्याआधी दहा-बारा वर्षे याच नादात होता, एकामागून एक गाड्या करून मोडत होता. मुलाच्या मृत्यूने नाद लावला नाही, नादाला घाई लावली असेल. कथा सरळ करून सांगायची माणसाला फार हौस.

शिवाय तो एकटा नव्हता. रशियात झारच्या मोटारींची व्यवस्था पाहणाऱ्या केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने मोटारीच्या मागच्या चाकांच्या जागी पट्टे बसवले होते. खुद्द विस्कॉन्सिनमध्ये सेनर गावच्या कार्ल एलियासनने १९२४ मध्ये लाकडी घसरगाडीवर बोटीची छोटी मोटर, सायकलच्या साखळ्या आणि फोर्डचे सुटे भाग जोडून एका माणसाची बर्फगाडी केली. त्याच्या पायात व्यंग होते. शिकारीला निघालेल्या मित्रांच्या मागून बर्फ तुडवत जाणे त्याला जमत नसे. मित्रांच्या बरोबरीने जाता यावे एवढीच इच्छा.

बंबार्डियरच्या गाड्या मात्र गावगाड्याच्या कामाला लागल्या. पुढे बारा माणसांची गाडी आली. डॉक्टर, पाद्री, टपाल, रुग्णवाहिका, सगळे त्यातून जायचे. शाळकरी मुलांना नेणारी आणखी लांब गाडीही केली होती. तिचे चित्र मी बराच वेळ पाहत बसलो. गोल खिडक्यांची, बोटीसारखी दिसणारी गाडी, आणि आत मफलर गुंडाळलेली मुले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की माझा निम्मा वर्ग रिकामा असायचा, त्याची आठवण झाली.

आणि मग १९४८-४९ च्या सुमारास क्युबेक सरकारने ठरवले की खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात नांगरून मोकळे ठेवायचे. जनतेचे कल्याण झाले, बंबार्डियरची विक्री कोसळली. रस्ते बंद होते म्हणून तर गाडी विकली जात होती! पुढच्या आजारी मुलाला आता साधी मोटारही दवाखान्यात नेऊ शकणार होती, आणि नेमके तेच कारखान्याच्या मुळावर आले. या माणसाला त्या दिवशी काय वाटले असेल, हे कुठल्याही पुस्तकात मला सापडले नाही.

तो रडत बसला नाही. दलदलीत आणि जंगलात चालणारे पट्ट्यांचे ट्रॅक्टर त्याने बनवले. दरम्यान मुलगा जेर्में याने एकसंध रबरी पट्टा तयार केला, इंजिने हलकी झाली, आणि १९५९ मध्ये एका-दोघांना बसता येईल अशी छोटी गाडी निघाली. ती कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार म्हणून नाव 'स्की-डॉग' ठेवायचे होते. ते रंगाऱ्याच्या किंवा छापणाऱ्याच्या चुकीने 'स्की-डू' झाले असे सांगतात. पहिल्यापैकी एक गाडी आर्मांडने उत्तर ओंटारिओत आदिवासींमध्ये राहणाऱ्या आपल्या मिशनरी मित्राला नेऊन दिली. म्हणजे अजूनही डोळ्यापुढे कामाचीच गाडी होती. पहिल्या हंगामात सुमारे सव्वादोनशे बनल्या.

पण लोकांनी ती खेळायला घेतली. आर्मांड १९६४ मध्ये वारला. हे वेड कुठवर गेले ते पाहायला तो नव्हता. एप्रिल १९६८ मध्ये राल्फ प्लेस्टेड नावाचा मिनेसोटातला विमा एजंट स्नोमोबिलवरून उत्तर ध्रुवावर जाऊन आला! १९७१ च्या सुमारास उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळजवळ पाच लाख यंत्रे खपत होती आणि ती बनवणाऱ्या शंभराहून जास्त कंपन्या होत्या. मग कमी बर्फाचे हिवाळे आले, पाठोपाठ १९७३ ची तेलटंचाई. दहा वर्षांत चार मोठी नावे उरली: स्की-डू, पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि यामाहा.

आर्मांडचा जावई लॉरों बोदुआं तेव्हा कंपनी चालवत होता. बर्फावर विसंबून राहिलो तर बुडू, हे त्याने ओळखले. १९७४ मध्ये मॉन्ट्रिअलच्या मेट्रोसाठी ४२३ डब्यांचे काम त्याने घेतले. तिथून रेल्वे, मग विमाने, मग दिल्ली मेट्रोचे डबे, मग आमच्या भाच्यांची लोकल. गंमत अशी की २००३ मध्ये कंपनीने स्नोमोबिलचा धंदाच वेगळा करून विकला आणि २०२१ मध्ये रेल्वेचा धंदाही आल्स्टॉमला दिला. उरली फक्त विमाने. मुंबईत मात्र लोक अजून बंबार्डियरच म्हणतात.

कंपनीला कूस बदलता येते. आमच्या शेजारच्या आजोबांच्या क्लबला ते कसे जमावे?

जानेवारीत त्यांनी ताडपत्री काढून मला गाडी उलगडून दाखवली. मला वाटले होते की बर्फ लागतो तो फक्त घसरायला. तसे नाही. पट्टा ज्या लांब प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांना वंगण बर्फाचेच. पट्टा फिरताना उडवतो तो बर्फ बैठकीखालच्या नळ्यांवर आपटतो आणि इंजिन थंड होते. नुसत्या बर्फाच्या कडक लादीवर किंवा उघड्या मातीवर गाडी नेली तर प्लॅस्टिक वितळते, इंजिन तापते. त्यासाठी कठीण बर्फ खरवडून भुगा उडवणारे लोखंडी ओरखडे दोन्ही बाजूंना लावतात. स्कीच्या तळाशी वळण घ्यायला कठीण धातूच्या धारा असतात. खडी लागली की त्यांची धार जाते. उभी राहिलेली गाडी आणखी वेगळ्या तऱ्हेने बिघडते. पेट्रोल शिळे होते, रबर एकाच जागी दाबले जाते, हवेच्या पेटीत उंदीर घर करतात. आजोबांनी पेटी उघडली तर खरोखर चिंध्यांचे सुबक घरटे निघाले. नात खूश. आजोबा काही बोलले नाहीत, ब्रशने साफ करत राहिले.

स्नोमोबिलच्या वाटा शेकडो मैल एकमेकींना जोडलेल्या असतात. मला वाटे, सरकारी असतील. तर त्यातला बराच भाग खाजगी शेतांतून जातो! क्लबची माणसे शेतकऱ्याकडे जातात, हिवाळ्यापुरती वाट मागतात, तो हो म्हणतो. मोबदला बहुधा नाहीच. आपल्याकडे बांधावरच्या वहिवाटीसाठी तहसीलदाराकडे पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. माझ्या एका चुलत्याचे अर्धे आयुष्य त्यात गेले. म्हणून हे ऐकून मी थक्क झालो. पण एका शेतकऱ्याने नाही म्हटले, किंवा शेत विकले गेले, की मधला एक दुवा तुटतो आणि दोन्हीकडची कित्येक मैल वाट लटकते. क्लब नदीनाल्यांवर छोटे पूल बांधतो, वर्गणी आणि जेवणावळीतून पैसे उभे करतो. बर्फ पडल्यावर रात्री ट्रॅक्टरमागे एक लांबलचक अवजार ओढून वाट सपाट करतो. आपण पेरणीआधी मैंद फिरवतो, अगदी तसेच. यासाठी खालची जमीन गोठलेली लागते आणि वर दाबून घोट्याच्या वर राहील एवढा बर्फ लागतो. त्याशिवाय वाट उघडत नाहीत, कारण चिखलात पट्टा फिरला तर शेतकऱ्याचे पीक जाते आणि पुढच्या वर्षीचा होकारही.

त्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या वाटा एक दिवसही उघडल्या नाहीत. ट्रॅक्टर डिझेल भरून उभा राहिला. राज्याच्या उत्तरेला होणारी बर्कबायनर ही स्कीची प्रसिद्ध शर्यत नेहमी पन्नास किलोमीटर लांब सरळ जाते. ती यंत्राने बनवलेल्या बर्फाच्या दहा किलोमीटरच्या वळशावर फेऱ्या मारून उरकावी लागली. मिनेसोटातली कुत्र्यांच्या घसरगाड्यांची बेअरग्रीज शर्यत रद्दच झाली. २०२३ मध्येच यामाहाने स्नोमोबिल बनवणे टप्प्याटप्प्याने थांबवत असल्याचे जाहीर केले होते. आणि हे तिकडचेच नव्हे बरे का. त्याच जानेवारीत आपल्या गुलमर्गलाही बर्फ नव्हता. आमच्या शाळेतले एक सहकारी सहलीबरोबर गेले होते, त्यांनी पिवळ्या गवतावर उभ्या असलेल्या बर्फाच्या स्कूटरींचा फोटो मला पाठवला. तो मी आजोबांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि 'तुमच्याकडेही?' एवढेच म्हणाले.

एक गोष्ट सांगायला हवी. या यंत्राचा धूर आणि आवाज मला आवडणे शक्य नाही, आणि पेट्रोल जाळून बर्फावर हिंडायचे व मग बर्फ का पडत नाही म्हणायचे, हे माझ्या जावयाने जेवताना बोलून दाखवले तेव्हा मला पटलेही. पण जावई त्या क्लबच्या बैठकीला आला नव्हता. मी गेलो होतो. चर्चच्या तळघरात वीस-बावीस माणसे, बहुतेक साठीच्या पुढची. जमाखर्च वाचला गेला. पास फारसे विकले गेलेच नव्हते, जमा जवळपास शून्य. अवजाराचा हप्ता बाकी. एकाने विचारले की या वर्षी शेतकऱ्यांचे आभाराचे जेवण ठेवायचे का. वाट तर कुणी वापरलीच नाही. आजोबा खजिनदार, तेच नको म्हणतील असे मला वाटले. ते म्हणाले, ठेवायचे.

मार्चच्या शेवटी आम्ही त्यांच्या पिकअपमधून शेतांत गेलो. नोव्हेंबरात वाट दाखवायला रोवलेले खुंट नांगरणीच्या आत काढून द्यावे लागतात. एकाही गाडीने ते पाहिले नव्हते. आजोबा उपटायचे, नात मोजायची, मी गाडीत रचायचो. एका शेताच्या कडेला मालक ट्रॅक्टरवर होता. त्याने इंजिन बंद केले, खाली उतरला, आणि उरलेले खुंट त्यानेच उपटून आमच्या हातात दिले.