आगबोटीच्या पंख्यांची झीज व तिच्या कारणांचा शोध : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासात कापसाचे स्थान केंद्रवर्ती आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेज लोहमार्ग झाल्याने येथील कापसाला मुंबई बंदराची वाट सुकर झाली. तेथून तो आगबोटींनी परदेशी जाई. या व्यापाराच्या अभ्यासात रेल्वे व बाजारपेठ यांची चर्चा होते. मात्र आगबोटीला गती देणारा पंखा दुर्लक्षित राहतो.

समस्येचे स्वरूप :
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगबोटींचा वेग वाढला. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या नौकेला १८९४ च्या चाचण्यांत अपेक्षित वेग मिळाला नाही. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांभोवती पाण्याचा दाब घटून वाफेच्या पोकळ्या निर्माण होतात व पंख्याची पकड सुटते, असे आढळले. यालाच ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात. पुढे पंख्यांची संख्या वाढवून १८९७ मध्ये नौकेने सुमारे ३४ नॉट वेग गाठला. वेगाचा प्रश्न सुटला, झिजेचा मात्र उरला. १९०७ मध्ये प्रवासास निघालेल्या ‘लुसिटानिया’ व ‘मॉरिटानिया’ या जहाजांच्या पंख्यांवर अल्पावधीतच खोल खड्डे पडले.

कारणमीमांसा :
खाऱ्या पाण्याने धातू गंजतो, हे स्पष्टीकरण सहज सुचणारे होते. तथापि केवळ गंजण्याने झीज इतकी जलद व ठरावीक जागीच का व्हावी, याचा उलगडा होत नव्हता. १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये या प्रश्नासाठी समिती नेमण्यात आली. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी, पाण्यातील पोकळी मिटताना प्रचंड दाब उत्पन्न होतो, हे गणिताने दाखविले. १९१९ मध्ये पार्सन्स व स्टॅन्ली कुक यांनी प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. मिटणाऱ्या पोकळीच्या आघाताने पितळेचा पातळ पत्राही फुटतो, असे त्यांना दिसले. अर्थात, झिजेचे मुख्य कारण रासायनिक नसून यांत्रिक होते.

निष्कर्ष :
कारण चुकीचे ठरविल्यास उपायही चुकतो. केवळ न गंजणारा धातू शोधून हा प्रश्न सुटणारा नव्हता. पात्यांचा आकार व त्यांवरील भार यांचाही विचार आवश्यक होता. जलविद्युत टर्बाइन व धरणांचे सांडवे यांनाही याच प्रक्रियेने हानी पोहोचते. म्हणून सागरापासून दूर असलेल्या जिल्ह्यातील अभ्यासकांनाही हा इतिहास परका नाही. व्यापाराच्या इतिहासात यंत्रांच्या आगमनाइतकीच त्यांच्या झिजेची व दुरुस्तीचीही नोंद घेणे आवश्यक ठरते.