गोठलेल्या समुद्राची नोंदवही



समुद्राचा नकाशा म्हटलं की किनाऱ्याची रेघ डोळ्यांपुढे येते. पण पाणी किती खोल, किती खारट, किती गरम, याचाही नकाशा असतो. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राचा असा नकाशा कसा झाला, ते आज ऐकूया.

१८८१ साली ‘जीनेट’ नावाचं जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी त्याचं सामान थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याला सापडलं. म्हणजे समुद्रावरचा बर्फ वाहत जातो! हे तपासायला नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ साली १२ सोबत्यांसह ‘फ्राम’ जहाजातून निघाले. त्यांनी जहाज मुद्दाम बर्फात अडकू दिलं. बर्फाबरोबर ते जवळजवळ तीन वर्षं वाहत राहिलं.

वाटेत खोली मोजायला दोर पुरेना. मग जहाजावरच्या पोलादी दोराचे पीळ सोडवून लांब दोर केला. उथळ समजलेला समुद्र ३,००० मीटरहून खोल निघाला. आणखी एक नवल कळलं. वरचं पाणी गारठलेलं, पण खाली अटलांटिक महासागरातून आलेलं उबदार पाणी होतं. साध्या पाण्यात बुडणारं अंडं मिठाच्या पाण्यात तरंगतं, कारण खारट पाणी जड. तसंच हे जास्त खारट पाणी खाली राहतं आणि वरचा थर झाकणासारखा त्याची ऊब अडवतो.

१९७९ च्या सप्टेंबरात उपग्रहांना तिथे सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ दिसला. २०१२ च्या सप्टेंबरात उरला सुमारे ३४ लाख. पांढरा बर्फ ऊन परतवतो, उघडं पाणी ते शोषून घेतं. म्हणून बर्फ घटला की समुद्र आणखी तापतो. सैबेरियाच्या बाजूला तर ते झाकणही कमजोर होऊन खालची ऊब वर येऊ लागली आहे.

उपग्रहाला खोलवरचं दिसत नाही. त्यासाठी २०१४ साली आपल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ पाण्याखाली मोजमापाची यंत्रं बसवली. ध्रुवांवरचं हे काम गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय संस्था पाहते.

गटाच्या वहीत मागची पानं असली तरच शिल्लक वाढली की घटली ते सांगता येतं. समुद्राचंही तसंच आहे. नान्सेन यांच्या माणसांनी कडाक्याच्या थंडीत आकडे लिहून ठेवले, म्हणून आज काय बदललं ते कळतं. आजची नोंद आपल्या नातवंडांच्या कामी येणार आहे.