धाकट्या सभेचा मान
इंग्लंडमधील पॅरिश कौन्सिलांची हकिगत

मंडळाच्या कामासाठी ज्या भगिनींनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांच्या चांगल्या ओळखीचे एक वाक्य आहे : "हे आमच्याकडे येत नाही." रस्त्यावरचा दिवा असो, बालवाडीसमोरचे गटार असो, की नळाची गळती असो; एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे आणि दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्याकडे आपला अर्ज फिरत राहतो. कोणी वाईट बोलत नाही, कोणी नाहीही म्हणत नाही. पण काम मात्र होत नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा ठरला, तेव्हा याच वाक्याचा इतिहास पाहावा असे मनात आले. आणि आश्चर्य असे की, या दुखण्यावर एका देशाने लेखी उपाय करून पाहिला आहे. तो देश म्हणजे इंग्लंड, आणि तो उपाय म्हणजे गावच्या लहान सभेने व वरच्या मोठ्या सभेने आपसात केलेला सहकार्याचा करार.

आधी या लहान सभेची ओळख करून घेऊ. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतील गाव. शेकडो वर्षे गावचा कारभार चर्चशी जोडलेल्या 'व्हेस्ट्री' नावाच्या बैठकीत चाले. तेथे धर्मगुरू आणि जमीनदार यांचा शब्द अखेरचा असे. 1818 च्या एका कायद्याने तर ज्याची मालमत्ता मोठी त्याला एकाऐवजी सहापर्यंत मते देऊन ठेवली होती. शेतमजुराला तेथे विचारतो कोण? 1888 च्या कायद्याने काउंटी कौन्सिले, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या सभा, स्थापन झाल्या. परंतु गाव होते तेथेच राहिले.

1894 साली ग्लॅडस्टन यांच्या सरकारने जो कायदा आणला, त्याने गावांना पॅरिश कौन्सिल आणि त्यांच्यावर डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी रचना दिली. आपल्या भाषेत बोलायचे तर ग्रामपंचायत आणि तिच्यावर पंचायत समिती. याच विधेयकावर 1 मार्च 1894 रोजी ग्लॅडस्टन यांनी पार्लमेंटातील आपले शेवटचे भाषण केले. या कायद्यातील दोन बारीक कलमे मला फार आवडतात. गावसभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करावयाची नाही, हे एक. कारण मजूर शेतावरून परत यावयास हवेत. दुसरे असे की, परवडेल अशा भाड्याने दुसरी जागा मिळत असेल तर दारूच्या गुत्त्यात सभा भरवावयाची नाही. ज्याने ही कलमे घातली त्याला गावाची नाडी ठाऊक होती.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कलम मात्र तिसरेच. स्त्री आहे म्हणून, किंवा विवाहित आहे म्हणून कोणालाही पॅरिश कौन्सिलावर निवडून येण्यास अपात्र धरू नये, असे ते सांगते. याचे महत्त्व कळण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागेल. 1889 साली लेडी सँडहर्स्ट लंडनच्या काउंटी कौन्सिलावर रीतसर निवडून आल्या होत्या. पण त्या स्त्री आहेत म्हणून न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. काउंटी कौन्सिलाचे दार स्त्रियांना 1907 मध्ये उघडले, आणि पार्लमेंटसाठी मताचा हक्क, तोही तीस वर्षांवरील काही स्त्रियांना, 1918 मध्ये मिळाला. म्हणजे सर्वांत धाकट्या सभेने सर्वांत आधी स्त्रीला आत घेतले! घरातही असेच नसते का? माजघरातून ओटीवर यायला वेळ लागतो.

आता या सभेची ताकद पाहा. पायवाटा, झरे व विहिरी, मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे, मुलांना खेळायला मैदान, अशी कामे तिच्याकडे आली. पण पैसा? गावसभेच्या संमतीवाचून मालमत्तेच्या वार्षिक आकारणीच्या दर पौंडामागे तीन पेनीपलीकडे कर बसवता येत नसे, आणि संमती मिळाली तरी सहा पेनीच्या वर नाही. त्या काळी पौंडाचे 240 पेनी होत. म्हणजे चाळिसावा हिस्सा ही कमाल मर्यादा! मान दिला, पण कनवटीला काही बांधून दिले नाही.

याचे परिणाम केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट गावी दिसले. तेथे मिस जेन एस्कोम्ब या बाई पॅरिश कौन्सिलावर निवडून आल्या. गावात मजुरांना राहण्याजोगी घरे नव्हती. परंतु पॅरिश कौन्सिलाला घर बांधण्याचा अधिकारच नव्हता! तो होता डिस्ट्रिक्ट कौन्सिलाला, 1890 च्या कायद्याने. आणि ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिलालाही तो वापरण्यासाठी काउंटी कौन्सिलाची संमती लागे. गरज गावाला, अधिकार तालुक्याला आणि परवानगी जिल्ह्याची! बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटी सोडली नाही. अखेर 1900 साली तेथे सहा घरे उभी राहिली. 'पायोनियर कॉटेजेस' हे त्यांचे नाव. सहा म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण सहा संसार छपराखाली आले, हे ज्या बाईने कधी गळके घर पाहिले आहे तिला सांगावयास नको.

या हकिगतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पेन्सहर्स्टच्या सभेजवळ मागणे होते, पण वरच्या सभेने उत्तर किती दिवसांत द्यावे, कोणी द्यावे, नाकारल्यास कारण सांगावे की नाही, याचा कसलाही ठराव दोघींमध्ये नव्हता. जे मिळाले ते एका बाईच्या चिकाटीने मिळाले. चिकाटी हा मोठा गुण खरा. परंतु जो कारभार केवळ कोणाच्या चिकाटीवर चालतो, तो ती व्यक्ती थकली की थांबतो.

पुढे 1 एप्रिल 1974 पासून इंग्लंडातील स्थानिक कारभाराची नव्याने मांडणी झाली. जुनी ग्रामीण डिस्ट्रिक्ट कौन्सिले मोडून मोठी डिस्ट्रिक्टे झाली, पण पॅरिश कौन्सिले टिकली. 1972 च्या ज्या कायद्याने हे झाले, त्यात एका कौन्सिलाने आपले काम दुसऱ्या कौन्सिलाकडून करवून घ्यावे अशी सोयही होती. दार उघडे होते. त्यातून जाण्याची रीत बसायला मात्र आणखी पाव शतक लागले. 2000 साली सरकारने ग्रामीण भागाविषयी जी श्वेतपत्रिका काढली, तिच्यानंतर मोठ्या कौन्सिलांनी आपल्या हद्दीतील पॅरिश कौन्सिलांशी लेखी करार करावेत, या विचाराने जोर धरला. या कराराला तेथे 'चार्टर', म्हणजे सनद म्हणतात. वेल्समध्ये पॅरिशऐवजी 'कम्युनिटी कौन्सिल' असते. तेथे अशा सनदांचे नमुने सरकारने घालून द्यावेत अशी तरतूद 2011 च्या कायद्यात आहे.

सनदेत असते तरी काय? वाचताना वाटते की हे तर साधेच आहे. गावाशी संबंध असलेला निर्णय घेण्यापूर्वी पॅरिशला विचारावे आणि उत्तर द्यायला पुरेसे दिवस द्यावेत. पॅरिशच्या पत्राला ठरल्या दिवसांत उत्तर जावे. मोठ्या कौन्सिलात कोणाला भेटायचे, त्या अधिकाऱ्याचे नाव आधीच कळवावे. पॅरिशचे म्हणणे मानले नाही तर का मानले नाही ते सांगावे. गवत कापणे, पायवाटा, खेळाचे मैदान अशी कामे पॅरिशने घेतली, तर त्यासोबत पैसे किती येणार ते लिहून ठेवावे. आणि उभयतांनी वेळोवेळी एकत्र बसून करार पाळला गेला की नाही ते पाहावे. पॅरिशनेही आपल्या बाजूने हिशेब चोख ठेवावा, सभा वेळेवर भरवाव्यात आणि सभासदांनी काम शिकून घ्यावे, अशी अट असते. देणे दोन्हीकडून आहे.

परंतु सनद म्हणजे कायदा नव्हे. ती मोडली म्हणून सहसा कोणी न्यायालयात जाऊ शकत नाही. तिचे बळ दिलेल्या शब्दाचे. आणि शब्दाची परीक्षा पैशाच्या वेळीच होते. 2009 साली कॉर्नवॉल परगण्यातील सहा डिस्ट्रिक्ट कौन्सिले आणि काउंटी कौन्सिल बरखास्त होऊन सगळ्यांचे मिळून एकच मोठे कौन्सिल झाले. सरकारी मदत आटू लागली, तेव्हा सार्वजनिक शौचालये, बागा, काही ठिकाणी ग्रंथालयेसुद्धा शहरांच्या व गावांच्या लहान कौन्सिलांकडे सोपवण्यात आली. 2011 च्या कायद्याने मोठ्या कौन्सिलाला ठरावीक मर्यादेबाहेर कर वाढवायचा तर लोकांचे मत घेणे भाग पडले. पॅरिशांवर मात्र ही मर्यादा सहसा लादली गेली नाही. मग वरच्याने काम खाली ढकलावे आणि खालच्याने आपल्या गावावर कर वाढवावा, असा मोह होणारच. गावकरी म्हणतो, मी मोठ्या कौन्सिलाला कर देतोच, मग त्याच शौचालयासाठी पुन्हा का देऊ? तक्रार रास्त आहे. पण दुसरी बाजूही आहे. गावाने ते शौचालय घेतले नसते, तर कित्येक ठिकाणी त्याला कुलूपच लागले असते. आणि त्याची अडचण सर्वांत आधी कोणाला होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणूनच "काम देता, तर त्याची पिशवीही द्या" हे वाक्य सनदेत लिहिलेले असणे अगत्याचे.

डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटिश सरकारने आणखी एक श्वेतपत्रिका काढून, जेथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पायऱ्या उरल्या आहेत तेथेही एकच मोठे कौन्सिल करण्याचे ठरविले. मोठी सभा जितकी मोठी आणि दूर, तितकी धाकटीशी केलेल्या कराराची गरज अधिक.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. ग्लॅडस्टन यांच्याच सरकारने 1880 मध्ये पाठविलेले व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी 1882 साली आपल्याकडील स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. कारभार सुधारावा यापेक्षा लोकांना कारभाराचे शिक्षण मिळावे, हा त्यात मुख्य हेतू सांगितला होता. पुढे स्वराज्यात 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, 1993 मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, आणि 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. पेन्सहर्स्टच्या बाईंना जी खुर्ची एकटीने मिळाली, ती आज आपल्याकडे हजारो भगिनींना मिळाली आहे.

खुर्ची मिळाली, हे खरेच मोठे झाले. पण खुर्चीवरच्या बाईने पाठविलेल्या कागदाला वरून उत्तर किती दिवसांत येईल, कोणाच्या सहीने येईल, आणि कामाबरोबर पैसा येईल की नाही, हे लिहून घेतल्यावाचून मान पुरा होत नाही. आपल्या मंडळाचेच पाहा. भिशी असो की सहल, आपण कोण काय करणार आणि खर्च कोणाच्या हातून होणार हे वहीत मांडून ठेवतो. म्हणूनच इतकी वर्षे रुसवेफुगवे होऊनही मंडळ टिकले. पुढच्या वेळी कोठल्याही कचेरीत "हे आमच्याकडे येत नाही" असे ऐकू आले, तर रागावून परत फिरू नये. "मग कोणाकडे येते, ते कागदावर लिहून द्या," एवढे शांतपणे मागावे. इंग्लंडातील गावांना हे मागायला शंभर वर्षे लागली. आपण तितकी वाट पाहण्याचे कारण नाही.