संकटात सापडणारे नायक

कथेचा नायक सर्वशक्तिमान असावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात मात्र लोकप्रिय कथांचा मोठा भाग नायकाच्या असहायतेवर उभा असतो. नायक शत्रूच्या हाती लागतो, भुयारात टाकला जातो अथवा मोहिनीने बांधला जातो आणि त्याला सोडवायला दुसऱ्या कुणाला तरी यावे लागते. संकटात सापडायचे ते नायिकेने आणि धावून जायचे ते नायकाने, हा साचा आपल्याकडेही आहेच. पण मराठी माणसाच्या कानावरून गेलेल्या जुन्या कथा पाहिल्या, तर तो अनेकदा उलटा झालेला दिसतो.

सर्वांत परिचित उदाहरण सत्यवानाचे. महाभारताच्या वनपर्वातील या कथेत नायक लाकडे तोडताना कोसळतो आणि त्यानंतर त्याच्या हाती काहीच उरत नाही. यमाशी सामना होतो तो सावित्रीचा, आणि तोही शस्त्राने नव्हे, तर संवादाने. ज्येष्ठातील वटपौर्णिमेला या कथेचे स्मरण घरोघरी होते. त्यात पातिव्रत्याचाच गौरव अधिक होतो. सावित्रीच्या युक्तिवादातील चातुर्याकडे मात्र तितकेसे लक्ष जात नाही.

श्रीधरांच्या ‘रामविजय’ (१७०३) या ग्रंथामुळे महिरावणाची कथा मराठी घरांत पोहोचली. राम-लक्ष्मणांना झोपेत पाताळात पळवून नेले जाते, देवीपुढे त्यांचा बळी द्यायचे ठरते आणि हनुमान त्यांना सोडवतो. हा भाग वाल्मीकी रामायणात नाही. मूळ कथेत नागपाशाचा प्रसंग असताना लोकपरंपरेला आणखी एक बंदिवास रचावासा वाटला, हे लक्षणीय आहे. रामाचे सामर्थ्य युद्धात दिसतच होते. हनुमानाचे सामर्थ्य पूर्णपणे दिसावे, तर रामाला काही काळ असहाय व्हावे लागणार होते.

या प्रकारातील सर्वांत सखोल कथा मात्र नाथपंथाची आहे. धुंडीसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ (शके १७४१, म्हणजे १८१९) या ग्रंथात एक नव्हे, तर दोन गुरू अडकलेले आहेत. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात राणीच्या सहवासात रमले आहेत, तर जालंदरनाथांना राजा गोपीचंदाने खड्ड्यात टाकून वर घोड्यांची लीद लोटली आहे. गोरक्ष आणि कानिफा या दोन शिष्यांची भेट होते, तेव्हा एकाच्या गुरूचा ठावठिकाणा दुसऱ्याला ठाऊक असल्याचे उघड होते. कथारचनेच्या दृष्टीने हा प्रसंग विलक्षण आहे.

दोन्ही सुटकांचे स्वरूप भिन्न आहे. जालंदरांना बाहेर काढण्यात धोका गुरूंच्या क्रोधाचा होता. कानिफाने गोपीचंदाचे धातूचे पुतळे पुढे करून तो क्रोध त्यांच्यावर ओढवून घेतला आणि राजाला वाचवले. मच्छिंद्रनाथांना तर कुणी साखळदंडच घातलेले नव्हते. सुटण्याची इच्छाच मावळली होती. गोरक्ष वेषांतर करून नर्तकीच्या ताफ्यातून दरबारात शिरतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूंना हाक देतो. पण एवढ्याने काम होत नाही. परतीच्या वाटेवर मच्छिंद्रनाथ ‘पुढे भय आहे का?’ असे पुन:पुन्हा विचारत राहतात. झोळीत सोन्याची वीट असल्याचे लक्षात येताच गोरक्ष ती गुपचूप फेकून देतो आणि भय मागे राहिल्याचे सांगतो. कैदी राजवाड्याबाहेर पडला तरी कैद संपतेच असे नाही, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा प्रसंग सहज आठवत नाही. याच कथेवर ‘प्रभात’ने १९३२मध्ये ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, तर प्रमुख भूमिकांत गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे होते.

विसाव्या शतकात हा वारसा रहस्यकथांकडे आला. हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबुराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे नायक वाचकांच्या पिढ्यांना भुरळ घालून गेले. प्रकरणाच्या शेवटी नायक पेचात आणि पुढील प्रकरणात सुटका, हे या साहित्यप्रकाराचे हमखास तंत्र. सुटका केवळ योगायोगाने झाली, तर वाचक मनातून नाराज होतो. ती आधी पेरलेल्या एखाद्या तपशिलातून झाली, तर त्याच वाचकाला लेखकाचा हेवा वाटतो.

मुलांच्या साहित्यात हे तंत्र सर्वाधिक प्रसन्नपणे वापरले ते भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांनी. त्यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यातील विद्याभवन शाळेत शिकणारा किरकोळ अंगाचा मुलगा. माण-हिंजवडीच्या संगणक उद्यानात काम करणाऱ्या आजच्या पिढीसाठी फुरसुंगी म्हणजे शहराचे दुसरे टोक. भागवतांच्या कथांत ते पुण्याबाहेरचे खेडे आहे. फेणेच्या अंगात बळ बेताचेच, त्यामुळे मोठ्यांच्या तावडीत सापडणे त्याला चुकत नाही. त्याचे भांडवल म्हणजे सायकल, तल्लख डोके, ‘ट्टॉक’ हा उद्गार आणि मदतीला येणारे सवंगडी. अडकलेला मुलगा हा दुबळा मुलगा नव्हे, हे वाचकाला कुठेही न बजावता पटते.

मराठी चित्रपटात महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३)ने नायकाची असहायता विनोदात नेली. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्याला बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूपासून धोका आहे, पण बाहुला जिवंत असल्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. येथे खरी कैद ही अविश्वासाची आहे. अखेर त्याला वाचवतो तो पोलीस अधिकारी असलेला मित्र, बाहुल्याच्या भुवयांच्या मधोमध गोळी झाडून.

त्या तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकर यांची होती. पुढे २०१७मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ चित्रपट आला, तेव्हा अमेय वाघच्या तरुण फेणेला आसरा देणाऱ्या भा. रा. भागवतांच्या भूमिकेतही प्रभावळकरच होते.