सायखेड्याची न्याहारी

इतिहास काय राजेरजवाड्यांचाच असतो? सायखेड्याच्या न्याहारीलाही तो आहे. या गोदाकाठी बाजरीची शिळी भाकरी कुस्करून कांद्यामिरचीच्या फोडणीत परतीत. घरची बाई उरेल ते खाई. पुढे निफाड तालुक्यात द्राक्षबागा पसरल्या. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि नाशकाकडे वाइनचे कारखाने वाढले. आता शहरात भाजीतही वाइन ओततात म्हणे! आमच्या घरी आंबटपणाला चिंच नि ताक पुरते. पण ऑक्टोबरात गोडी छाटणीला पहाटे निघणाऱ्या मजूरबाईच्या फडक्यात अजून भाकरीच असते. आम्ही न्याहारीसाठी अर्धा तास सुटी मागितली, तेव्हा एक बागायतदार म्हणाले, "घरून खाऊन या." त्यासाठी चूल किती वाजता पेटवावी, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.