दंड नसलेला दंड

चेम्सफर्ड हे इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातलं शहर. तिथं रेल्वे स्टेशनाजवळ रिव्हरसाइड नावाचा रिटेल पार्क आहे, म्हणजे मोठमोठी दुकानं आणि त्यांच्यासमोर गाड्यांसाठी सामायिक मोकळी जागा. १५ एप्रिल २०१३ रोजी बॅरी बीव्हिस या गृहस्थानं तिथं गाडी लावली. त्यांचं मासे-बटाट्याचं दुकान होतं, फिश अँड चिप्सचं. गाडी दोन तास फुकट लावता येत होती. बीव्हिस ५६ मिनिटं उशिरा निघाले आणि त्यांच्या नावे ८५ पौंडांची नोटीस आली. चौदा दिवसांत भरले असते तर ५० पौंडांत भागलं असतं. ते भरले नाहीत. हा वाद कौंटी कोर्टातून अपील कोर्टात आणि तिथून लंडनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सात न्यायमूर्तींसमोर तो ऐकला गेला आणि ४ नोव्हेंबर २०१५ रोजी बीव्हिस सहा विरुद्ध एक अशा मतांनी हरले. त्यानंतर इंग्लंडमधल्या खासगी पार्किंगच्या प्रत्येक भांडणात हा निकाल हजर असतो. माझ्याही होता, पण त्याकडे नंतर येतो.

मुळात प्रश्न असा की, एका खासगी कंपनीला दंड करायचा अधिकार आला कुठून? दंड करावा सरकारनं, नगरपालिकेनं, कोर्टानं. लंडनमध्ये १९५८ साली मेफेअर भागात रस्त्यावर पहिले पार्किंग मीटर बसले आणि १९६० मध्ये ट्रॅफिक वॉर्डन आले. पहिल्याच पावत्यांपैकी एक हृदयविकाराच्या रुग्णाला बघायला गेलेल्या डॉक्टरच्या गाडीवर लागली आणि लोक इतके चिडले की त्याचा दोन पौंडांचा दंड सोडून द्यावा लागला. त्या व्यवस्थेला कितीही शिव्या घातल्या तरी तिच्यामागे कायदा होता. दुकानासमोरच्या जागेत तसा कायदा नाही. तिथं आहे तो करार. तुम्ही फाटकातून आत शिरता, खांबावरची पाटी वाचता (किंवा तुम्ही ती वाचली असं कायदा मानतो) आणि गाडी लावता. झाला करार.

यंत्राशी करार होतो कसा, हा प्रश्नही जुनाच आहे. लंडनच्या शू लेनमधल्या स्वयंचलित पार्किंगमध्ये १९६४ साली एक ट्रम्पेटवादक जखमी झाला. कंपनी म्हणाली, जबाबदारी आमची नाही, तसं आत लिहिलं आहे आणि तिकिटावर त्याचा उल्लेख आहे. अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग यांनी हे म्हणणं फेटाळलं. यंत्रानं तिकीट बाहेर टाकलं तेव्हाच करार पुरा झाला, त्यानंतर दाखवलेल्या अटी त्यात घुसवता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. यंत्राला कितीही शिव्या घातल्या तरी ते हलत नाही, अशा आशयाचा शेराही त्यांनी मारला. अट जितकी जाचक, तितकी ती ठळकपणे आधी समोर आली पाहिजे, हे त्यांचं सूत्र आज पार्किंगच्या पाटीवरच्या अक्षरांच्या आकारापर्यंत येऊन पोहोचलं आहे.

पण करार मोडला तर किती पैसे मागायचे? इथं १९१४ सालचं डनलॉप टायरचं प्रकरण येतं. ठरलेल्या किमतीपेक्षा स्वस्तात विकलेल्या प्रत्येक टायरमागे पाच पौंड द्यायचे, अशी डनलॉपची दुकानदाराशी अट होती. हाउस ऑफ लॉर्ड्सनं ती मान्य केली, पण त्या निमित्तानं लॉर्ड ड्यूनडिन यांनी घालून दिलेली कसोटी पुढची शंभर वर्षं चालली. आकडा हा संभाव्य नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर वैध. समोरच्याला धाक घालण्यापुरता असेल तर तो दंड, आणि असा दंड कोर्ट वसूल करून देणार नाही. गंमत म्हणजे भारतात १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नं हा घोळ आधीच मिटवला होता. त्या कलमाखाली करारात काहीही आकडा असो, कोर्ट त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं. इंग्रजांनी आपल्याला दिलेला कायदा त्यांच्या स्वतःच्या कायद्यापेक्षा सुटसुटीत होता!

फुकट पार्किंगमध्ये कोणी तासभर जास्त थांबला तर कंपनीचं नुकसान किती? शून्य. बीव्हिस यांची सगळी भिस्त यावर होती. न्यायालयानं डनलॉपची चौकटच बदलली. नुकसान किती झालं यापेक्षा, अट घालणाऱ्याचं काही रास्त हित आहे का आणि रक्कम त्या हिताच्या मानानं अवाच्या सवा आहे का, हे पाहायचं. दुकानांसमोरची जागा खेळती राहावी हे रास्त हित आहे, आणि ८५ पौंड अवाच्या सवा नाहीत. पाट्या वीसेक होत्या, मोठ्या आणि स्पष्ट. खटल्यातला एक तपशील मला अजून खुपतो. जागा ब्रिटिश एअरवेजच्या पेन्शन फंडाची होती आणि ती सांभाळण्याचे पैसे पार्किंग कंपनीला मिळत नव्हते. उलट तीच जागामालकाला आठवड्याला हजार पौंड देत होती. म्हणजे सगळेच ग्राहक वेळेत निघाले तर कंपनी बुडणार. एकटे विरोधात गेलेले लॉर्ड टूल्सन यांनी ग्राहकाच्या बाजूनं विचार केला. चार मिनिटं उशीर झाला, सोबत लहान मूल किंवा अपंग माणूस असला, तरी तेवढाच आकडा; अशी अट ग्राहकानं समोर बसून बोलणी करताना मान्य केली असती का? मला त्यांचंच पटतं.

कंपन्यांकडे आधी वेगळं हत्यार होतं, जॅमर. स्कॉटलंडच्या न्यायालयानं १९९२ सालीच खासगी जागेत गाडीला जॅमर लावून पैसे मागणं ही खंडणी आणि चोरी ठरवली. इंग्लंडमध्ये मात्र तो प्रकार आणखी वीस वर्षं चालला. शेवटी १ ऑक्टोबर २०१२ पासून प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये जॅमर बंद केला. त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टानं कंपन्यांना बदल्यात एक देणगी दिली. गाडी कोण चालवत होतं हे कळलं नाही, तरी काही अटी पाळल्या तर नोंदणीकृत मालकाकडून पैसे मागता येतील. एक महत्त्वाची अट म्हणजे, गाडीवर पावती लावली नसेल तर नोटीस चौदा दिवसांत मालकाच्या हातात पडली पाहिजे. मालकाचं नाव-पत्ता वाहन नोंदणी खात्याकडून अडीच पौंडांत मिळतो. त्यामुळे जागेवर माणूस ठेवायची गरजच उरली नाही. फाटकावर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा पुरे.

आता माझं प्रकरण. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी सकाळी मी एका रिटेल पार्कमध्ये गेलो, तासाभरात परतलो आणि एक वस्तू बदलायला संध्याकाळी पुन्हा गेलो. नोटीस आली ती सात तास सलग थांबल्याची. शंभर पौंड, लवकर भरल्यास साठ. कॅमेऱ्यानं सकाळचं आत येणं आणि संध्याकाळचं बाहेर जाणं यांची जोडी लावली होती, मधल्या दोन नोंदी गळाल्या होत्या. सॉफ्टवेअरवाल्याला हे नवं नाही. मागे उंच व्हॅन चिकटून आली, ऊन काचेवर आलं, की नोंद हुकते. आणि जोडी लावणारा प्रोग्रॅम ‘पहिला प्रवेश, शेवटचं निर्गमन’ एवढंच बघत असेल तर दोन फेऱ्यांची एक होते. या धंद्यात हा दोष जुना आणि माहितीतला आहे.

कंपनीनं माझं अपील फेटाळलं. मग मी ‘पोप्ला’कडे गेलो. २०१२ च्या कायद्यासोबत उभी राहिलेली ही अपील यंत्रणा; तिचा खर्च कंपन्या उचलतात. तिथंही हरलो. दोन्ही वेळच्या पावत्या मी दुकानात होतो एवढंच दाखवतात, गाडी मध्ये बाहेर गेली हे नाही, असं उत्तर आलं. साठ पौंडांची सवलत तोवर संपली होती.

इथल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकमत झालं: भरून टाक. “अरे, व्हिसावर आहेस तू, कोर्टाची भानगड कशाला?” असं एका काकांनी फोन करून सांगितलं. त्यांची काळजी खरी होती. हुकूमनामा झाला आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत, तर तो सहा वर्षं नोंदवहीत राहतो आणि घराचं कर्ज अवघड होतं. पण या भीतीत दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. पोप्लाचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, गाडीवाल्यावर नाही. अपील फेटाळलं म्हणजे देणं सिद्ध झालं असं होत नाही. ते सिद्ध करायला कंपनीला कौंटी कोर्टातच जावं लागतं. आणि नोंदवहीत नाव जातं ते हुकूमनामा होऊन पैसे थकल्यावर, नुसत्या भांडणानं नाही.

मग पत्रं सुरू झाली. वसुली कंपनीची, लाल अक्षरांत, रक्कम १७० पौंड. या सत्तर पौंडांना मूळ पाटीवर धड आधार नसतो, आणि वसुली कंपनी म्हणजे बेलिफ नव्हे. तिला दारात येऊन काही उचलता येत नाही. ही पत्रं मी फाइलला लावली. दाव्यापूर्वीचं रीतसर पत्र मात्र वेगळं. २०१७ पासूनच्या नियमांनुसार त्याला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात, आणि ते फाइलला लावून चालत नाही. मी उत्तर दिलं आणि सोबत डेटा संरक्षण कायद्याखाली त्या दिवसाची माझ्या गाडीची सगळी छायाचित्रं मागितली, फक्त नोटिशीवरची दोन नव्हे. महिन्यानं फाइल आली. तिच्यात, कुठल्याच जोडीत न बसलेलं, सकाळी सव्वाअकराला बाहेर पडणाऱ्या माझ्या गाडीचं छायाचित्र होतं. पोप्लासमोर त्यांनी ते ठेवलं नव्हतं.

तरी दावा आला. मी मुदतीत पोच दिली आणि कैफियत दाखल केली, चार पानांची, त्यातलं एक पान म्हणजे ते छायाचित्र. बीव्हिस यांचा निकाल कंपनीनं दाव्यात टाकला होताच. पण तो जास्त थांबलेल्या माणसाचा. मी थांबलोच नव्हतो. सुनावणीची फी भरायची वेळ आली तेव्हा कंपनीनं कारण न देता दावा मागे घेतला. लहान रकमेच्या दाव्यात सहसा वकिलाचा खर्च मिळत नाही, मी वकील केलाही नव्हता. गेल्या त्या संध्याकाळी.

हा सगळा पसारा आवरायचा प्रयत्न संसदेनं केला होता. सर ग्रेग नाइट या खासदाराच्या खासगी विधेयकातून २०१९ चा पार्किंग आचारसंहिता कायदा झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं संहिता प्रसिद्ध केली. लंडनबाहेर बहुतेक प्रकरणांत कमाल ५० पौंड, आणि वसुलीचे वाढीव सत्तर पौंड बंद. कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारनं संहिता मागे घेतली. २०२४ साली धंद्यातल्या दोन संघटनांनी स्वतःचीच संहिता लिहिली. तिच्यात दहा मिनिटांची सवलत आहे, कमाल रक्कम शंभर पौंड आहे आणि ते सत्तर पौंडही आहेत. २०२३-२४ या एका वर्षात पार्किंग कंपन्यांनी वाहन नोंदणी खात्याकडून सुमारे १ कोटी २८ लाख वेळा मालकांचे पत्ते घेतले. जुलै २०२५ मध्ये नव्या सरकारनं संहितेच्या नव्या मसुद्यावर लोकांची मतं मागवली. त्यातल्या प्रश्नांत त्या सत्तर पौंडांचाही प्रश्न होता. मी माझं मत त्या छायाचित्रासकट पाठवलं.